कोंडा, डोक्यावरील यीस्ट आणि केसगळती : नाते किती, गैरसमज किती

सर्व नागरिकांसाठी आरोग्यविषयक माहिती

कोंडा आणि केसगळती या दोन तक्रारी बहुधा एकाच वेळी लक्षात येतात. ज्या कंगव्यात गळलेले केस सापडतात, त्याच कंगव्यात पांढरे खवलेही दिसतात. त्यामुळे एकीचे कारण दुसरीत शोधणे स्वाभाविक आहे. ‘कोंड्याने केस गेले’ हे वाक्य आपण घरीदारी ऐकलेले असेल. या समजुतीत थोडे तथ्य आहे आणि बरीच चूक आहे. तथ्य आहे म्हणून कोंड्यावर उपचार करणे आवश्यक आहे. चूक आहे म्हणून केवळ कोंड्यावर उपचार करून थांबणे योग्य नाही. रक्तक्षय, थायरॉइडचे विकार, बाळंतपणानंतरचे किंवा मोठ्या तापानंतरचे बदल ही केसगळतीची खरी कारणे अनेकदा कोंड्याच्या आड दडून राहतात आणि त्यांच्यावरील उपचार लांबणीवर पडतात. कोंडा कसा होतो, केस का गळतात आणि या दोहोंचा संबंध नेमका कोठे येतो, हे आपण समजून घ्यावे, हा या माहितीपत्रकाचा उद्देश आहे.

१. हे यीस्ट म्हणजे काय?

बुरशीच्या कुळातील एकपेशीय सूक्ष्मजीवांना यीस्ट म्हणतात. आपल्या डोक्याच्या त्वचेवर ‘मॅलासेझिया’ नावाचे यीस्ट कायम वास्तव्य करून असते. लुई-शार्ल मालासे या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८७४ मध्ये त्वचेच्या खवल्यांत या सूक्ष्मजीवाचे वर्णन केले. पुढे त्याच्याच नावावरून या यीस्टला हे नाव मिळाले. त्याच्या अनेक जाती आहेत. कोंड्याच्या संदर्भात ‘मॅलासेझिया ग्लोबोसा’ आणि ‘मॅलासेझिया रेस्ट्रिक्टा’ या दोन जाती विशेष महत्त्वाच्या मानल्या जातात.

हे यीस्ट अस्वच्छतेतून येत नाही. निरोगी आणि स्वच्छ डोक्यावरही ते असतेच. त्यामुळे कोंडा असणारी व्यक्ती अस्वच्छ असते, हा समज निराधार आहे. कोंडा एकाकडून दुसऱ्याला लागतो, हाही समज चुकीचा आहे, कारण जे यीस्ट प्रत्येकाच्या डोक्यावर आधीपासूनच आहे, ते नव्याने लागण्याचा प्रश्न उद्भवत नाही. दमट हवेत छाती, पाठ व मानेवर उठणारे शिबे हा विकारही याच वंशातील यीस्टमुळे होतो.

२. यीस्टपासून कोंडा कसा तयार होतो?

केसांच्या मुळाशी असलेल्या ग्रंथींमधून एक प्रकारचे तेल सतत पाझरत असते. हे तेल मॅलासेझियाचे अन्न होय. स्वतःला लागणारी मेदाम्ले हे यीस्ट स्वतः तयार करू शकत नाही, म्हणून त्याला त्वचेवरील तेलावर अवलंबून राहावे लागते. प्रयोगशाळेत या यीस्टची वाढ करताना नेहमीच्या पोषक माध्यमावर ऑलिव्ह तेल घालण्याची जुनी पद्धत आहे, ती याच कारणामुळे.

यीस्ट आपल्या विकरांच्या साहाय्याने तेलाचे विघटन करते. त्यातील काही मेदाम्ले ते वापरते, तर ओलेइक आम्लासारखी काही मेदाम्ले त्वचेवर शिल्लक राहतात. अनेकांच्या त्वचेला त्याचा त्रास होत नाही. काहींची त्वचा मात्र या आम्लाने चिडते, तिला खाज सुटते आणि तेथील पेशी नेहमीपेक्षा जलद गतीने तयार होऊ लागतात. एरवी त्वचेच्या वरच्या थरातील पेशी सुमारे महिनाभराच्या चक्रात एकेक करून, डोळ्यांना न दिसता, गळून पडतात. कोंड्यात हे चक्र वेगवान होते. अपक्व पेशी एकमेकींना चिकटलेल्या अवस्थेत सुटतात आणि आपल्याला खवले दिसू लागतात.

म्हणजे कोंडा होण्यासाठी तीन गोष्टी एकत्र याव्या लागतात : त्वचेवरील तेल, यीस्ट आणि त्या व्यक्तीच्या त्वचेची संवेदनशीलता. तेलग्रंथी वयात येताना संप्रेरकांच्या प्रभावाखाली कार्यशील होतात, म्हणून लहान मुलांत कोंडा क्वचित आढळतो, तारुण्यात वाढतो आणि उतारवयात पुन्हा कमी होतो. पुरुषांत त्याचे प्रमाण अधिक असते. थंड व कोरडी हवा, अपुरी झोप आणि मानसिक ताण यांमुळेही तो बळावतो.

कोंड्याचेच तीव्र रूप म्हणजे ‘सेबोऱ्हिक डर्मटायटिस’. यात त्वचा लालसर होते, पिवळसर व तेलकट खपल्या धरतात आणि भुवया, नाकाच्या कडा, कानांमागील भाग व छाती येथेही त्रास दिसू शकतो.

३. केस मुळात का गळतात?

डोक्यावर साधारणतः एक लाख केस असतात आणि प्रत्येक केसाचे स्वतंत्र आयुष्यचक्र असते. केस दोन ते सहा वर्षे वाढत राहतो. त्यानंतर दोन-तीन आठवड्यांचा संक्रमणकाळ येतो. मग सुमारे तीन महिने तो विश्रांतीत राहतो आणि शेवटी गळून पडतो. त्याच केशकूपातून पुढे नवा केस उगवतो. या नियमानुसार दररोज ५० ते १०० केस गळणे नैसर्गिक आहे.

येथे एक साधा हिशेब लक्षात घ्यावा. जी व्यक्ती आठवड्यातून एकदाच केस धुते, तिचे मधल्या दिवसांत सुटलेले पुष्कळसे केस इतर केसांत अडकून राहतात आणि धुण्याच्या दिवशी एकदम हातात येतात. ते पाहून ‘शांपूने केस गळतात’ असा निष्कर्ष काढला जातो. मग केस धुणे आणखी कमी होते, त्वचेवर तेल साचते आणि कोंडा वाढतो. वास्तविक ते केस धुण्यापूर्वीच सुटलेले असतात.

४. कोंड्यामुळे केस गळतात का?

कोंडा केशकूप नष्ट करीत नाही आणि केवळ कोंड्यामुळे टक्कल पडत नाही. तरीही पुढील तीन प्रकारे कोंडा आणि केसगळती यांचा संबंध येतो.

पहिला प्रकार खाजवण्याचा. सतत खाजवल्याने केसांच्या दांड्याला इजा होऊन केस मध्येच तुटतात. नखांनी त्वचेवर ओरखडे उठतात व त्यांत जंतुसंसर्ग होऊ शकतो.

दुसरा प्रकार दाहाचा. तीव्र कोंड्यात केशकूपाभोवतीची त्वचा दाहयुक्त असते. अशा त्वचेतून उगवणाऱ्या केसाचा दर्जा खालावू शकतो आणि काही केस वेळेआधी विश्रांतीच्या अवस्थेत जाऊन गळू शकतात. केशकूप शाबूत असल्यामुळे दाह आटोक्यात आल्यावर ही गळती सामान्यतः भरून येते.

तिसरा प्रकार सहवासाचा. आनुवंशिक केसविरळता आणि कोंडा या दोन्ही गोष्टी तारुण्यात सुरू होतात आणि दोहोंमागे पुरुषी संप्रेरकांचा प्रभाव असतो. त्यामुळे त्या एकाच डोक्यावर एकाच काळात आढळतात. परंतु आनुवंशिक विरळतेत संप्रेरकांच्या परिणामाने केशकूप हळूहळू आक्रसत जातात, त्याचे मूळ कारण कोंडा नव्हे. कपाळाच्या दोन्ही बाजूंचे केस मागे सरकत असतील, माथ्यावरील केस विरळ होत असतील किंवा स्त्रियांमध्ये भांग रुंदावत असेल, तर कोंडा गेल्यावरही ही प्रक्रिया चालूच राहते. तिच्यावर उपचार उपलब्ध आहेत आणि ते लवकर सुरू केल्यास अधिक उपयोगी ठरतात. कोंडा जाण्याची वाट पाहत काढलेली वर्षे भरून काढणे कठीण असते.

५. कोंड्याच्या आड दडणारी कारणे

डोक्यावरील केस सर्वत्र सारखे विरळ होत असतील, तर आपण मागील काही महिन्यांचे स्मरण करावे. मोठा ताप, शस्त्रक्रिया, बाळंतपण, तीव्र मानसिक आघात किंवा अल्पावधीत बरेच वजन घटणे यांचा धक्का शरीराला बसला की पुष्कळ केस एकाच वेळी विश्रांतीत जातात. ते प्रत्यक्ष गळतात मात्र दोन ते तीन महिन्यांनी. या अंतरामुळे कारण विसरले जाते आणि दोष त्या वेळी दिसत असलेल्या कोंड्याला, तेलाला किंवा पाण्याला दिला जातो. डेंग्यू, विषमज्वर किंवा कोविडनंतर झालेली अशी गळती घाबरण्यासारखी नसते. कारण दूर झाल्यावर पुढील काही महिन्यांत केस परत येतात.

स्त्रियांनी एका बाबीकडे विशेष लक्ष द्यावे. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९-२१) देशातील १५ ते ४९ वर्षे वयोगटातील ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. शरीरातील लोहाची कमतरता केसगळतीशी निगडित असू शकते. थकवा, चालताना लागणारी धाप, फिकट त्वचा, मासिक पाळीत जास्त रक्तस्राव यांपैकी काही असेल आणि सोबत केस गळत असतील, तर शांपू बदलण्यापूर्वी हिमोग्लोबिनची तपासणी करून घ्यावी. ही तपासणी प्राथमिक आरोग्य केंद्रात होते. वजनात अकारण बदल, थंडी किंवा उष्णता सहन न होणे, पाळीतील अनियमितता ही लक्षणे असल्यास थायरॉइडची तपासणी करण्याबाबत डॉक्टरांना विचारावे. आहारातील प्रथिनांची उणीव आणि काही औषधे यांमुळेही केस गळतात. मात्र चालू असलेले कोणतेही औषध स्वतःहून बंद करू नये.

६. कोंड्यासारखे दिसणारे, पण कोंडा नसलेले विकार

डोक्यातील गजकर्ण : हा मुख्यतः लहान मुलांना होतो. तो यीस्टमुळे नव्हे, तर वेगळ्या प्रकारच्या बुरशीमुळे होतो आणि तो संसर्गजन्य आहे. ठरावीक जागी केस तुटून चट्टे पडतात, तेथे खवले किंवा काळे ठिपके दिसतात, कधी पू असलेली मऊ सूज येते. केवळ शांपूने तो बरा होत नाही, तोंडावाटे औषध घ्यावे लागते. उपचारास विलंब झाल्यास व्रण राहून त्या जागी केस कायमचे जाऊ शकतात. म्हणून मुलाच्या डोक्यावर खवल्यांसह केस गेलेला चट्टा दिसल्यास त्याला कोंडा समजून घरी थांबू नये.

सोरायसिस : यात जाड, चंदेरी खवल्यांचे स्पष्ट कडा असलेले चट्टे येतात. ते केसांच्या रेषेबाहेर कपाळावर व कानांमागे पसरतात. कोपर, गुडघे किंवा नखांवरही खुणा आढळू शकतात.

उवा व लिखा : कोंड्याचा खवला केसावरून सहज निघतो, तर लीख केसाला घट्ट चिकटलेली असते.

चाई : गोल जागेतील केस एकाएकी जातात आणि त्वचा गुळगुळीत राहते. तेथे सहसा खवले नसतात.

केसांच्या रंगाची ॲलर्जी : कलप लावल्यानंतर खाज, लाली, सूज किंवा पाणी सुटणे सुरू झाले, तर तो कलप पुन्हा वापरू नये.

७. कोंड्यावर उपचार कसे करावेत?

सौम्य कोंड्यात साध्या सौम्य शांपूने केस अधिक वेळा धुणे, हीच पहिली पायरी होय. तेवढ्याने उपयोग न झाल्यास औषधी शांपू वापरावा. त्यात किटोकोनॅझोल, झिंक पायरिथिऑन किंवा सेलेनियम सल्फाइड यांपैकी एखादा घटक असतो. हे घटक यीस्टची वाढ रोखतात. सॅलिसिलिक आम्ल चिकटलेले खवले सुटे करते. वेष्टनावरील घटकाचे नाव वाचूनच शांपू निवडावा. जाहिरातीतील चेहरा किंवा वस्तूची किंमत हा निकष असू नये.

औषधी शांपू निष्फळ ठरण्याचे नेहमीचे कारण वापरण्याची पद्धत हे असते. पुढीलप्रमाणे वापर करावा :

• केस ओले करून शांपू बोटांच्या टोकांनी डोक्याच्या त्वचेवर लावावा. औषधाची गरज त्वचेला आहे, केसांच्या टोकांना नाही.
• नखांनी घासू नये.
• फेस झाल्यावर लगेच धुऊन टाकू नये. तीन ते पाच मिनिटे तसाच ठेवावा आणि मग भरपूर पाण्याने धुवावा. डोळ्यांत जाऊ देऊ नये.
• दोन टक्के किटोकोनॅझोल असलेला शांपू सामान्यतः आठवड्यातून दोनदा, दोन ते चार आठवडे वापरला जातो. त्यानंतर कोंडा परतू नये म्हणून एक-दोन आठवड्यांतून एकदा वापरणे पुरेसे असते.
• सेलेनियम सल्फाइड वापरताना दागिने काढून ठेवावेत. रंगवलेल्या किंवा पांढऱ्या केसांचा रंग त्याने बदलू शकतो.
• गर्भवती व स्तनदा मातांनी आणि लहान मुलांसाठी औषधी शांपू वापरण्यापूर्वी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

खाज व खवले साधारणपणे दोन ते चार आठवड्यांत कमी होतात. केसगळती मात्र तेवढ्या लवकर थांबलेली दिसत नाही, कारण जे केस आधीच विश्रांतीत गेले आहेत, ते आपल्या वेळी गळणारच. फरक जाणवण्यास तीन महिने किंवा अधिक काळ लागतो, कारण केस महिन्याला जेमतेम एक सेंटिमीटर वाढतो. पंधरा दिवसांत शांपू बदलत राहिल्याने कोणत्याच उपचाराचा गुण कळत नाही.

कोंडा कायमचा नाहीसा करता येत नाही, तो आटोक्यात ठेवता येतो. शांपू थांबवल्यावर काही काळाने तो परतला, तर उपचार फसला असे समजू नये. यीस्ट त्वचेवर राहतेच. ते मर्यादेत ठेवणे हेच उपचाराचे ध्येय आहे.

८. तेल लावावे की नाही?

कोकण व केरळमध्ये खोबरेल, तमिळनाडूत तिळाचे आणि उत्तर व पूर्व भारतात मोहरीचे तेल डोक्याला लावण्याची परंपरा जुनी आहे. केसांच्या दांड्याला तेलाने ओलावा व मऊपणा मिळतो, हे खरे आहे. परंतु कोंडा असलेल्या त्वचेवर तेल रात्रभर ठेवल्याने खवले भिजून बसतात, कोंडा गेल्याचा भास होतो आणि तेलावर जगणाऱ्या यीस्टला अनुकूल स्थिती मिळते. म्हणून कोंडा असेपर्यंत तेल केसांच्या लांबीवर, तेही थोडेच लावावे, त्वचेत जिरवू नये. खपल्या फार जाड असतील तर धुण्यापूर्वी थोडा वेळ तेल लावून त्या मऊ करता येतात, पण त्यानंतर शांपूने तेल पूर्णपणे काढून टाकावे.

तान्ह्या बाळाच्या डोक्यावर धरणाऱ्या पिवळसर खपल्या बहुधा काही महिन्यांत आपोआप जातात. बाळाला सौम्य शांपूने न्हाऊ घालून मऊ ब्रशने त्या हलकेच सोडवाव्यात. नखांनी खरवडू नयेत.

९. काय टाळावे?

• स्टेरॉइड असलेली मलमे व द्रावणे स्वतःच्या मनाने वापरू नयेत. सुरुवातीला त्यांनी लगेच बरे वाटते, परंतु दीर्घ वापराने त्वचा पातळ होते आणि गजकर्णासारखा संसर्ग रूप बदलून पसरतो.
• बुरशीवरील गोळ्या डॉक्टरांच्या सल्ल्याविना घेऊ नयेत. त्यांपैकी काहींचा यकृतावर गंभीर दुष्परिणाम होऊ शकतो.
• लिंबाचा रस, खाण्याचा सोडा किंवा मीठ चोळल्याने आधीच चिडलेल्या त्वचेचा दाह वाढतो.
• मुंडण केल्याने कोंडा मुळापासून जात नाही, कारण यीस्ट त्वचेवर असते.
• हेल्मेट, पगडी किंवा ओढणी वापरणे बंद करू नये. अपघातात हेल्मेट जीव वाचवते. घामाने भिजलेले अस्तर धुऊन वाळवावे आणि केस कोरडे झाल्यावरच डोके झाकावे.
• टक्कल बरे करण्याची हमी देणाऱ्या औषधांपासून सावध राहावे. औषधे नियम, १९४५ मधील ‘जे’ अनुसूचीत टक्कल पडण्याचा समावेश आहे. या अनुसूचीतील विकार बरा करण्याचा दावा औषधाला करता येत नाही.

१०. डॉक्टरांना केव्हा दाखवावे?

पुढीलपैकी काहीही असल्यास जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात, आयुष्मान आरोग्य मंदिरात किंवा त्वचारोगतज्ज्ञाकडे जावे. प्रवास शक्य नसल्यास ई-संजीवनी या शासकीय दूरवैद्यक सेवेचा लाभ घ्यावा.

• चार आठवडे औषधी शांपू योग्य रीतीने वापरूनही खाज व खवले कायम असणे
• केस गोल किंवा वेड्यावाकड्या चट्ट्यांत जाणे
• डोक्यावर पू, वेदना, सूज किंवा गुळगुळीत व्रण दिसणे
• रोज मुठीने केस येणे किंवा केसगळती तीन महिन्यांहून अधिक काळ चालू राहणे
• केसगळतीसोबत थकवा, पाळीचे विकार किंवा वजनात बदल असणे
• डोके व चेहऱ्यावर अचानक तीव्र स्वरूपाचा त्रास सुरू होणे. रोगप्रतिकारशक्ती कमी झाल्यास, विशेषतः एचआयव्ही संसर्गात, सेबोऱ्हिक डर्मटायटिस उग्र रूप धारण करू शकतो. डॉक्टरांनी सुचवल्यास संकोच न करता तपासणी करून घ्यावी. शासकीय समुपदेशन व चाचणी केंद्रांत ती विनामूल्य होते आणि तिची माहिती गोपनीय ठेवली जाते.

जाताना केसगळती केव्हा सुरू झाली, त्याआधीच्या सहा महिन्यांत कोणते आजार झाले, कोणती औषधे घेतली आणि डोक्याला काय काय लावले, हे कागदावर लिहून न्यावे. निदानाला त्याची मोठी मदत होते.

ध्यानात ठेवावे

कोंडा हा त्वचेचा विकार आहे, तर केसगळती अनेक कारणांनी दिसणारे लक्षण आहे. कोंड्यावर नियमाने उपचार करावेत, कारण दाह व खाज शमल्याने केसांना नक्कीच लाभ होतो. कोंडा गेल्यावरही केस गळत राहिले, तर शांपूची नवी बाटली आणण्याऐवजी तपासणी करून घ्यावी. खवला डोळ्यांना दिसतो म्हणून तेच कारण, असे गृहीत धरू नये. न दिसणारे कारण वेळेत सापडले, तर केसांबरोबर आपले आरोग्यही सांभाळले जाते.

(हे माहितीपत्रक सर्वसाधारण आरोग्यशिक्षणासाठी आहे. ते वैद्यकीय तपासणीला पर्याय नाही.)